सीमाभागातल्या पोरांनी मिलिटरी इंटेलिजन्समध्ये जायचं तर वाट कुठून?

नंदगडचा_मास्तर

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या मराठी हायस्कुलात शिकवतो. माझा एक जुना विद्यार्थी सध्या पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला आहे, सायन्स. पोरगा हुशार, वाचणारा. घरी दोन एकर भात आणि काजूची थोडी झाडं. त्याने मनाशी पक्कं केलंय की 'एमआय'मध्ये जायचं, म्हणजे मिलिटरी इंटेलिजन्स. कुठल्या शिनेमाचं खूळ नाही हे. त्याचा मामा पलटणीत होता, त्याच्याकडून ऐकून ऐकून ही ओढ लागली.

आता अडचण सांगतो. मागच्या महिन्यात एक माणूस त्याच्या वडिलांना भेटला. "एमआयची डायरेक्ट भरती आहे, जाहिरात निघत नाही, गुप्त असते, तीन लाख लागतील" म्हणाला. वडील काजूची बाग गहाण टाकायला निघाले होते. मी कसंबसं थांबवलंय. पण नुसतं थांबवून काय उपयोग, खरी वाट कोणती ते त्या पोराला सांगता आलं पाहिजे. इथे माजी सैनिक बरेच आहेत, म्हणून धागा काढला. सविस्तर लिहा, बाकीच्या पोरांनाही वाचायला देणार आहे.

पलटणवाला

मास्तर, रामराम. येळ्ळूरचा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून बाहेर पडलो. पलटणीच्या इंटेलिजन्स सेक्शनमध्ये काही वर्षं काढलीत, म्हणून बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

पहिलं काम, त्या माणसाला दारात उभा करू नका. गुप्त भरती असा प्रकारच नाही. सैन्यात शिरायची प्रत्येक वाट जाहिरातीतून जाते, अग्निवीराचा तर फॉर्म ऑनलाइन, परीक्षाही ऑनलाइन. तीन लाख मागणारा तीनशे जणांकडून मागतो. त्यातले काही पोरगे आपल्या जोरावर भरती होतात, तेवढ्यांचे पैसे तो "मी केलं" म्हणून ठेवून घेतो. त्याचा फोन नंबर आणि तो काय बोलला ते लिहून पोलिसात द्या, आणि कॅम्पातल्या आर्मी रिक्रूटिंग ऑफिसलाही कळवा.

आता खरी वाट. अग्निवीर भरतीच्या जाहिरातीत जनरल ड्यूटी (जीडी), टेक्निकल, क्लार्क/एसकेटी (स्टोअरकीपर), ट्रेड्समन असे रकाने असतात. 'इंटेलिजन्स' असा रकाना तुम्हाला सापडणार नाही. इंटेलिजन्स कोअर आहे, १ नोव्हेंबर १९४२ ला कराचीत उभी राहिली, तिचं ट्रेनिंग स्कूल आणि डेपो पुण्याला आहे. पण जवानाने तिथे पोचायचं म्हणजे आधी चांगला शिपाई व्हायचं. पलटणीत नाव कमवायचं, कोर्स करायचे, वरच्यांच्या नजरेत भरायचं, मग निवड. अग्निवीराला तर आधी चार वर्षं काढून, कायम होणाऱ्या त्या २५ टक्क्यांत बसायला लागतंय. वाट लांब आहे. पण आहे.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. इंटेलिजन्सचं काम करायला इंटेलिजन्स कोअरचाच बिल्ला पाहिजे असं नाही. प्रत्येक पायदळ पलटणीत एक आयओ असतो, इंटेलिजन्स ऑफिसर, आणि त्याच्या हाताखाली सेक्शन. नकाशे, शत्रूची माहिती, पेट्रोलिंगवरून आलेल्या पोरांना विचारून अहवाल लिहिणं, सगळं तिथे चालतं. घातक प्लाटून वेगळी, ती पुढे जाऊन टेहळणी करते, वेळ आली तर घावही घालते. तिचा कमांडो कोर्स कुठे होतो माहीत आहे का? आपल्याच बेळगावात. देशभरातल्या पलटणींची पोरं त्यासाठी इथे येतात, आणि आपल्या पोरांना शेजारी काय चाललंय त्याचा पत्ता नसतो.

अनगोळ_एक्सप्रेस

सुभेदार साहेब, मी सीपीएड मैदानावर रोज पळतो. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत येतंय. जीडीतून गेलो तर आयओच्या सेक्शनमध्ये जायला काय करायचं वो? तिथे पळण्याला किंमत आहे का नाही?

पलटणवाला

पळण्याला किंमत आहेच रे बाळा, साडेपाचच्या आत आलास तर ६० पैकी ६० गुण. पण सेक्शनमध्ये घेताना साहेब वेगळं बघतो.

आमचे आयओ साहेब नवीन पोरगा आला की त्याला पुढच्या चौकीवर दिवसभर बसवायचे आणि संध्याकाळी विचारायचे, काय बघितलंस? पोरगा म्हणायचा, "साहेब, एक गाडी गेली, संशयास्पद होती." साहेब म्हणायचे, 'संशयास्पद' हा शब्द माझा, तो तू वापरायचा नाहीस. तू सांग किती वाजता, कुठून कुठे, रंग कोणता, किती माणसं, टपावर सामान होतं का, गाडी थांबली का, थांबली तर इंजिन बंद केलं का. तू डोळ्यांनी बघितलंस का तुला कुणी सांगितलं? सांगितलं तर कोणी, आणि त्याने आधी सांगितलेलं कधी खरं निघालं होतं का?

त्यातूनच सगळं शिकायला मिळतं. बातमी आणणाऱ्याचा भरवसा किती हे एका अक्षराने नोंदवायचं, आणि बातमी किती खरी वाटते ते आकड्याने. दोन्ही वेगवेगळं. भरवशाचा माणूससुद्धा चुकीची बातमी आणतो, आणि दारुड्याची बातमी कधी कधी खरी निघते. हे वेगळं ठेवता आलं नाही तर पोरं मरतात. मी बघितलंय, जास्त लिहीत नाही.

तू असं कर. रविवारच्या बाजारात अर्धा तास उभा रहा, घरी येऊन न बघता दोन पानं लिही. मत नाही, फक्त काय दिसलं ते. महिनाभर केलंस तर तुझं तुलाच कळेल डोळा कसा बदलतोय.

चंदगडी

सुभेदार साहेबांच्या वरच्या प्रतिसादाला जोड. कारगिलची पहिली खबर कुणी दिली? गारखुन गावचा मेंढपाळ ताशी नामग्याल. मे १९९९ च्या सुरुवातीला हरवलेला याक शोधायला गेला होता, दुर्बिणीतून डोंगरावर माणसं दिसली, त्याने येऊन जवळच्या पलटणीला सांगितलं. पुढे के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने एवढी मोठी घुसखोरी आधी का कळली नाही याचा कीस काढला. त्यानंतर २००२ मध्ये डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी उभी राहिली. तिन्ही दलांची माहिती एका ठिकाणी यावी म्हणून. उपग्रहाची छायाचित्रं वाचणारं केंद्रही तिच्याच अखत्यारीत आहे. म्हणजे याक शोधणाऱ्या माणसापासून उपग्रहापर्यंत सगळे एकाच कामाचे धागे.

मास्तर, एक विचारतो. मुलाचं घर खानापुरात, पण शिक्षण किंवा नातेवाईक इकडे आमच्याकडे चंदगड-गडहिंग्लजला असतील तर कोल्हापूर भरतीला उभा राहील का? आमच्या भागात असे बरेच गोंधळ होतात.

नंदगडचा_मास्तर

घर, रेशन कार्ड, शाळा सगळं खानापूर तालुक्यातलं.

कोर्टकचेरी

मग कोल्हापूरचा विचार सोडा. बेळगाव कोर्टात वकिली करतो, असे कागद रोज बघतो. भरती रहिवासानुसार असते. बेळगाव जिल्ह्याचा मुलगा बेळगावच्या रिक्रूटिंग ऑफिसखाली येतो, कागलचा मुलगा कोल्हापूरच्या. निपाणी आणि कागलमध्ये अंतर फार नाही, पण भरतीच्या दृष्टीने दोन वेगळे विभाग. मावशीच्या पत्त्यावर महाराष्ट्राचा रहिवासी दाखला काढून उभे राहिलेले काही मुलगे पडताळणीत अडकलेले मी पाहिलेत. तसं करू नका. नाडकचेरीतून, म्हणजे महसूल कार्यालयातून दाखला काढा, आधारवरचा पत्ता, शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. आपल्याकडे हेच सगळ्यात जास्त नडतं. शाळेत मराठीत एक आडनाव, कन्नडमध्ये लिहिताना दुसरं, इंग्रजीत तिसरं स्पेलिंग.

दुसरा मुद्दा नाजूक आहे, पण सीमाभागात तो टाळून चालणार नाही. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत किंवा एखाद्या मोर्चात मुलाचं नाव पोलिसांच्या कागदावर आलं असेल तर? सैन्याच्या पडताळणी फॉर्मवर गुन्हा, अटक, खटला याबद्दल सरळ प्रश्न असतो. तिथे "नाही" लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल सगळ्यांनी समजून घ्यावा. माहिती खरी द्यायची, लपवली तर नोकरी जाऊ शकते, हे त्यात स्पष्ट आहे. मात्र तरुण वयात घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब असेल तर नेमणूक करणाऱ्याने ती सोडून द्यावी, असा विवेकही त्यात ठेवलाय. घोषणा दिल्या म्हणून आयुष्य संपत नाही, पण खोटं लिहिलं तर संपू शकतं. इंटेलिजन्ससारख्या ठिकाणी तर पडताळणी आणखी खोल जाते.

आपल्या भाषेसाठी उभं राहण्यात लाज नाही. लपवण्यात धोका आहे, एवढंच सांगतो.

पलटणवाला

वकील साहेब, शंभर टक्के.

निपाणी_कन्या

मी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स शेवटच्या वर्षाला आहे. सगळे 'पोरं पोरं' करताय, मुलींनी काय करायचं ते कोणी लिहील का? अग्निवीरचा फॉर्म बघितला, आर्मीत मुलींसाठी फक्त मिलिटरी पोलीस दिसतंय.

कॅम्पातली_काकू

बाळा, तुझं बरोबर आहे. आर्मीत अग्निवीर म्हणून मुलींना सध्या मिलिटरी पोलीसच. पण तू पदवीधर होतेयस, तू जवानाच्या रांगेत कशाला बघतेस? अधिकारी म्हणून जा.

माझ्या घरात दोन पिढ्या वर्दी आहे, म्हणून थोडं कळतं. मुलींना इंटेलिजन्स कोअरमध्ये अधिकारी म्हणून घेतात. शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीवर, पूर्वीपासून होत्याच, पण कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, नव्हती. १७ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि त्याच वर्षी सरकारने दहा शाखांमध्ये महिलांना कायम कमिशनचा आदेश काढला, त्यात इंटेलिजन्स कोअर आहे. एनडीएमध्येही मुली २०२२ पासून गेल्या, पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. तुझ्यासाठी सरळ वाट म्हणजे सीडीएसची, म्हणजे पदवीधरांची अधिकारी भरतीची परीक्षा देऊन ओटीए चेन्नई, अधिकाऱ्यांची ट्रेनिंग अकादमी. एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट चांगल्या ग्रेडने असेल तर लेखी परीक्षाच नाही, थेट एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत. आपल्या बाजूच्या मुलांना एसएसबीला बहुतेक बेंगळुरूलाच बोलावतात.

अकादमीत शेवटी शाखेची पसंती विचारतात. तुझा क्रमांक, तुझी पसंती आणि जागा किती, यावर ठरतं. इंटेलिजन्स कोअर लिहिलीस म्हणजे मिळालीच असं नाही. सिग्नल्स मिळालं तर हिरमुसू नकोस, शत्रूचे संदेश पकडणं आणि वाचणं हे काम तांत्रिक माणसाचंच. काही वर्षांनी दुसऱ्या शाखेतले अधिकारीही इंटेलिजन्समध्ये जातात.

आणि एक विनंती, हे आई म्हणून लिहिते. जायचं ठरवलंस की आजपासूनच सोशल मीडिया आवर. २०२० मध्ये आर्मीने जवान-अधिकाऱ्यांना ८९ ॲप काढायला लावले होते, त्यात फेसबुक-इन्स्टाग्रामही होतं. अनोळखी प्रोफाइलवरून गोड बोलून माहिती काढणारे बसलेले असतात. घरच्यांनीसुद्धा 'आमची लेक अमुक ठिकाणी पोस्टिंगला' असा फोटो टाकायचा नाही. मी अजूनही टाकत नाही.

निपाणी_कन्या

काकू, मनापासून आभार. एनसीसी आहे माझं, 'सी'ची परीक्षा व्हायची आहे. कॉलेजात कोणी हे इतकं नीट सांगितलं नव्हतं.

खडेबाजार

मास्तर, एक दुसरी वाट सुचवतो. इंटेलिजन्स ब्युरो. सिक्युरिटी असिस्टंटची भरती निघते, दहावी पास चालतं. पदवीधराला एसीआयओ, त्याच्या वरचं पद. सैन्यासारखं पळायला नको.

कोर्टकचेरी

चांगला पर्याय, पण गल्लत नको. आयबी गृह मंत्रालयाखाली, ते नागरी खातं, मिलिटरी इंटेलिजन्स नाही. रॉ वेगळं, १९६८ चं, देशाबाहेरचं काम. सैन्याची माहिती सैन्याच्या गरजेसाठी असते, समोरच्या टेकडीमागे काय आहे ते उद्या सकाळच्या आत कळायला हवं असतं.

आयबीच्या सिक्युरिटी असिस्टंटसाठी त्या राज्याचा रहिवासी दाखला लागतो आणि तिथल्या केंद्रासाठी दिलेली भाषा वाचता-लिहिता-बोलता यायला हवी. म्हणजे कर्नाटकच्या जागेवर अर्ज करायचा तर कन्नड पक्की हवी. आपल्या बऱ्याच मुलांना बोलायला येते, लिहायला अडते.

पलटणवाला

भाषेचं निघालंच आहे तर बोलतो, माझ्या मनात कधीपासून आहे.

आपण सीमाभागातले लोक भाषेवरून आयुष्यभर भांडलोय. त्यामागचं दुःख मला माहीत आहे, माझे वडील तुरुंगात होते. पण पलटणीत गेल्यावर मला कळलं की आपल्या पोराजवळ जे आहे ते दुसऱ्याजवळ नाही. खानापूरचा पोरगा घरात मराठी बोलतो, बाजारात कन्नड, लोंढ्याकडे कोकणी, गवंड्यांशी हिंदी-उर्दू. कोण कुठल्या गावचा हे तो दोन वाक्यांत ओळखतो. येळ्ळूरची मराठी आणि कडोलीची मराठी मला आजही वेगळी ऐकू येते. हा कान म्हणजे मोठी दौलत. आमच्या साहेबांनी काश्मीरमध्ये मला पाठवलं ते याच कारणाने, "तू लवकर शिकशील" म्हणाले. सहा महिन्यांत समजायला लागलं. बोलणं मोडकंतोडकंच, पण कोण स्थानिक आणि कोण बाहेरचा हे ऐकून सांगता यायचं.

सैन्याला भाषेची गरज कायम आहे. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाची परकीय भाषांची शाळा आहे, चिनी, तिबेटी, बर्मी, पश्तो, सगळं शिकवतात. टेरिटोरियल आर्मीने मँडरिन जाणणारे लोक घेतलेत. मास्तर, तुमच्या पोराला सांगा, कन्नड लिहायला शिक. ती शिकलास म्हणजे मराठी सोडलीस असं कोणी म्हणणार नाही. आणि जमलं तर पदवीबरोबर एखादी परकीय भाषा घे.

भूगोलवेडा

चिक्कोडीला भूगोल शिकवतो. दोनच गोष्टी. नकाशा वाचायला शिकवा मुलांना, खरा नकाशा, समोच्च रेषा असलेला. मोबाईलवरच्या निळ्या ठिपक्याने काही होत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे ऑनलाइन मिळतात, आपल्याच जांबोटी-कणकुंबीच्या डोंगराचा घ्या आणि पोरांना घेऊन तिथे जा. कुठल्या उतारावरून चोर्ला घाट दिसेल आणि कुठून दिसणार नाही हे आधी कागदावर ठरवा, मग चालत जाऊन पडताळा. मी करतो, पोरं वेडी होतात.

दुसरं, गणित घेऊन पदवी करणाऱ्यांसाठी हवालदार सर्व्हेअर ऑटोमेटेड कार्टोग्राफर, म्हणजे मोजणी करून नकाशे बनवणारा, म्हणून इंजिनिअर्स कोअरमध्ये जागा निघतात, त्याकडे कोणी बघतच नाही. हवाई दलाच्या नव्या वेपन सिस्टिम्स शाखेतही इंटेलिजन्सचा प्रवाह आहे, तो अधिकाऱ्यांसाठी. बेळगावच्या सांबरा विमानतळावर विमानं बघत वाढलेल्या पोरांनी तेही लक्षात ठेवावं.

प्रशासक

वरच्या एका प्रतिसादात युनिटचं नाव आणि ठिकाण आलं होतं, ते काढलं आहे. सर्वांना विनंती, जुनं असलं तरी असा तपशील इथे लिहू नये. चर्चा छान चालली आहे, चालू द्या.

अनगोळ_एक्सप्रेस

क्लार्कसाठी काय लागतं कोणी सांगेल का? माझी बहीण म्हणते जीडीपेक्षा त्यात कागदाशी संबंध जास्त.

कोर्टकचेरी

बारावीला एकूण ६० टक्के, प्रत्येक विषयात किमान ५०. म्हणजे पीयूसीच्या ६०० पैकी ३६०. इंग्रजी आणि गणित किंवा अकाउंट्समध्ये ५० हवेतच. टायपिंगची चाचणीही आहे. जीडीला दहावीत ४५ टक्के, आपल्या एसएसएलसीच्या ६२५ पैकी २८२, आणि प्रत्येक विषयात ३३. ऑनलाइन परीक्षा २०२५ पासून मराठी आणि कन्नडसह १३ भाषांत देता येते, फॉर्म भरताना भाषा नीट निवडा.

नंदगडचा_मास्तर

मंडळी, सगळं वाचून दाखवलं पोराला आणि त्याच्या वडिलांना. मामाही आला होता. गहाणाचं बारगळलं. त्या माणसाविरुद्ध अर्ज सुभेदार साहेबांनी सांगितल्यासारखा लिहून दिलाय, त्याचे मेसेज सोबत जोडलेत.

पोराचं म्हणणं असं पडलं की अग्निवीर होऊन पुढे वाट बघण्यापेक्षा बेळगावात बीएस्सीला जायचं, एनसीसी घ्यायची, आणि सीडीएस द्यायची. वडिलांना एकच धास्ती, तीन वर्षं खर्च कसा निघायचा आणि शेवटी निवड झाली नाही तर? त्यांना काय सांगू? मला वाटतं त्यांची धास्ती खरी आहे.

पलटणवाला

खरीच आहे. एसएसबीतून बहुतेक पोरं परत येतात, हे त्यांच्यापासून लपवू नका. पण पदवी हातात राहते, आयबी, हवाई दल, हवालदाराच्या जागा सगळं उघडं राहतं. आणि मध्येच घरची ओढाताण झाली तर अग्निवीरमधून जाऊ दे. कायम झाल्यावर आत गेलेल्या जवानालाही अधिकारी व्हायची वाट आहे, आर्मी कॅडेट कॉलेज त्यासाठीच आहे. माझ्या बरोबरचा एक नाईक तसा लेफ्टनंट झाला आणि मी त्याला सलाम ठोकला, अभिमानाने.

वसतिगृहाच्या खर्चाचं माजी सैनिकांच्या मंडळींशी बोलतो. मामा पलटणीतला म्हणताय ना, त्याचं डिस्चार्ज बुक घेऊन यायला सांगा. येत्या रविवारी मी येळ्ळूरलाच आहे, पोराला सकाळी घेऊन या. येताना बाजारातून येऊ दे, आणि काय बघितलं ते दोन पानं लिहून आणू दे.

नंदगडचा_मास्तर

येतो सुभेदार साहेब. साडेआठची गाडी धरतो.